कोरी बशी काय सांगते?

काही वर्षांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने टेबलावर दोन पेट्री बशा मांडल्या होत्या. दोन्हींत अगरचे माध्यम होते. एका बशीवर तिने गावच्या नळाच्या पाण्याचा थेंब पसरवला होता, दुसरीवर लोणारच्या सरोवराच्या पाण्याचा. पहिली बशी पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरली होती. दुसरी अगदी स्वच्छ होती. मागच्या फलकावर ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : 'लोणार सरोवराचे पाणी जंतुनाशक आहे.'

मी विचारले, "या बशीत काही का उगवले नाही?"

"सर, त्या पाण्यात जंतूच नाहीत."

"आणि कुठलेच पाणी न टाकलेली बशी कुठे आहे?"

मुलीने शिक्षकांकडे पाहिले. शिक्षक म्हणाले, "सर, अगर महाग मिळतो. रिकामी बशी ठेवून काय दाखवणार?"

आम्ही त्या प्रकल्पाला दुसरा क्रमांक दिला. मांडणी सुबक होती, मुलगी न अडखळता बोलत होती. निकालपत्रावर मीही सही केली. त्या शिक्षकांच्या प्रश्नाला मात्र मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. प्रश्न अगदी योग्य होता. जिवाणूंचे प्रयोग आपण शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रदर्शनांत ज्या पद्धतीने करवून घेतो, तिच्यातली मुख्य उणीव त्या एका प्रश्नात आली आहे. या लेखात त्या पद्धतीची थोडी चिकित्सा करू.

शून्याचे चार अर्थ

बशीत काही उगवले नाही, म्हणजे नेमके काय झाले? निदान चार शक्यता आहेत. एक, पाण्यात खरोखरच जिवाणू नव्हते. दोन, जिवाणू होते, पण आपण वाढलेले जेवण त्यांना मानवले नाही. तीन, जिवाणू होते, पण आपणच त्यांना मारले. तारेचा लूप ज्योतीत लाल केला आणि थंड होऊ न देता पाण्यात बुडवला, की असे होते. चार, माध्यमच बिघडलेले होते किंवा बशी पुरेसा वेळ, योग्य तापमानाला ठेवली नव्हती. फलकावर यांतली पहिली शक्यता लिहिली होती. बाकीच्या तिन्ही तपासल्याच नव्हत्या.

चौथी शक्यता नळाच्या पाण्याच्या बशीने नकळत बरीचशी दूर केली होती. एकाच वेळी ओतलेल्या माध्यमावर तिथे भरपूर वाढ झाली, म्हणजे माध्यम वाढीला योग्य होते. पण कोणाच्या वाढीला? नळाच्या पाण्यातल्या जिवाणूंच्या. लोणारच्या पाण्यातल्या रहिवाशांबद्दल ती बशी काहीच सांगत नाही.

लोणारचे पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण १० च्या आसपास असतो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोषक अगरचा सामू ७ ते ७.४ असतो. आयुष्यभर सोड्याच्या पाण्यात राहिलेल्या जिवाला आपण सोडा नसलेल्या, जवळजवळ उदासीन माध्यमावर आणून ठेवतो आणि तो वाढला नाही की 'तो नव्हताच' असे म्हणतो. खरे तर माध्यम हा एक प्रश्न असतो. 'या अन्नावर, या सामूला, या तापमानाला वाढणारे तुमच्यात कोण आहे?' एवढेच तो विचारतो. उत्तरही तेवढ्यापुरतेच घ्यायचे असते.

जपानी शास्त्रज्ञ कोकी होरिकोशी यांनी १९६८ मध्ये केलेला बदल याच जातीचा आणि अगदी साधा होता. माध्यमात त्यांनी सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घातला आणि तीस चंबूंमध्ये थोडी थोडी माती टाकली. दुसऱ्या दिवशी तिसाही चंबूंत वाढ होती. सामान्य मातीतही अल्कप्रिय जिवाणू सर्वत्र होते; त्यांच्या पसंतीचे जेवण तोवर फारसे कोणी वाढले नव्हते. कपडे धुण्याच्या पावडरीतली काही विकरे पुढे अशाच जिवाणूंपासून मिळाली.

लोणारच्या पाण्यात तर जीवसृष्टीची रेलचेल आहे. एरवी ते हिरवट दिसते ते नीलहरित जिवाणूंमुळे. ज्या पाण्याचा रंगच सूक्ष्मजीवांनी दिलेला आहे, त्यात सूक्ष्मजीव नाहीत असा निष्कर्ष आमच्या प्रदर्शनात लागला होता! पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २००६ मध्ये तिथल्या सूक्ष्मजीवांचा डीएनएच्या आधारे अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बशीत उगवण्याची वाट पाहावी लागत नाही. माध्यम बदलून बशीत वाढवलेलेही आहेत. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस (२०१०) आणि सेसेम्बिया लोनारेन्सिस (२०१२) हे जिवाणू लोणारमधून वेगळे करून नव्याने नोंदवले गेले. दुसऱ्या नावात तर गावच आहे.

आता उलट बाजू पाहा. नळाच्या पाण्याच्या बशीत जे ठिपके आले, ते सगळे पाण्यातलेच कशावरून? ते हवेतून पडलेले असतील, बोटांवरून आलेले असतील, माध्यम अर्धवट निर्जंतुक झाल्यामुळे आतच राहिलेले असतील. पाणी न टाकलेली, पण बाकी सर्व सोपस्कार केलेली तिसरी बशी शेजारी असती, तर हे लगेच कळले असते. ती कोरी राहिली तर ठिपके पाण्यातले. तिच्यावरही ठिपके आले तर दोष आपल्या हाताचा. हे सांगण्यासाठीच कोरी बशी हवी. एका दृष्टीने टेबलावरची सर्वांत बोलकी बशी तीच असते.

पाश्चरच्या कुप्या

लुई पाश्चरची हंसाच्या मानेची कुपी पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. १८६० च्या सुमारास त्याने कुपीत मांसरसासारखा पोषक द्रव उकळला. कुपीची मान लांब आणि वाकडी होती. हवा आत जाई, पण धूळ वळणात अडकून राही. द्रव दिवसेंदिवस स्वच्छ राहिला. म्हणजे पाश्चरचे नाव ज्या कुपीमुळे झाले, तिच्यात काहीही उगवले नव्हते!

पण आपण हा प्रयोग शिकवताना अर्धाच शिकवतो. कोणी म्हणाले असते, 'उकळल्यामुळे द्रवच निकामी झाला, मग उगवणार काय?' पाश्चरने याचेही उत्तर तयार ठेवले होते. कुपी तिरकी करून द्रव मानेतल्या धुळीपर्यंत नेला, किंवा मान मोडून टाकली, की काही दिवसांत तो गढूळ होई. वाढीची ताकद द्रवात शाबूत होती, फक्त बीज मिळत नव्हते. एक कुपी सांगते, 'बाहेरून काही आले नाही तर उगवत नाही.' दुसरी सांगते, 'आले तर उगवते.' दोन्ही मिळून पुरावा पूर्ण होतो. आमच्या विद्यार्थिनीकडे लोणारच्या बशीसाठी यांतली एकही जोडीदारीण नव्हती.

त्याच काळात पूशे हा त्याचा प्रतिस्पर्धी गवताचा काढा उकळून बंद करी आणि त्याच्या कुप्यांत वाढ होई. पूशे लबाडी करत नव्हता. गवतावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकून राहतात, हे फर्डिनांड कोन याने १८७६ मध्ये दाखवले. कोरी ठेवलेली कुपी कोरी राहिली नाही, म्हणून ही गोष्ट शोधावी लागली. आपल्या वर्गात कोरी बशी भरली, तर 'प्रयोग फसला' म्हणून ती फेकू नये. तिला प्रश्न विचारावेत. माध्यम नुसते उकळले होते की प्रेशर कुकरमध्ये ठेवले होते? पूर्ण दाबाखाली कुकरमध्ये तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तिथे पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूही मरतात. नुसत्या उकळण्याने ते मरत नाहीत.

ताकातले 'हलणारे' जंतू

माध्यम नाही, अगर नाही, अशा शाळांतूनही एक प्रयोग हमखास होतो. ताकाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा, आच्छादक काच ठेवून सूक्ष्मदर्शीखाली पाहायचे. निळ्या कांड्या दिसतात. त्या हलतात. मुले ओरडतात, "जिवंत आहेत!" आणि बहुतेक वेळा आपणही मान डोलावतो.

दह्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू जिवंत असतात हे खरे, पण ते पोहत नाहीत. त्यांना पोहण्यासाठी लागणारी कशाभिका नसते. जी थरथर दिसते ती ब्राउनियन हालचाल आहे. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी धक्के देत असल्याने इतका लहान कोणताही कण जागच्या जागी थरथरतो. रॉबर्ट ब्राउन याने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांत ती पाहिली होती. मग त्याने काचेची आणि दगडाची भुकटीही पाण्यात टाकून पाहिली. निर्जीव कणही तसेच थरथरत होते. म्हणजे त्यानेही तुलनेचा नमुना घेतला होता.

आपल्यालाही ते जमण्यासारखे आहे. शेजारी दुसरी काचपट्टी ठेवा, उकळून गार केलेल्या ताकाची. तिसरीवर चित्रकलेच्या रंगाच्या वडीचे पाणी घ्या. तिन्हींत थरथर दिसेल. मग वर्गाला विचारा, "हलणे म्हणजे जिवंत असणे का?" यावर जी चर्चा होईल, ती नुसत्या निळ्या कांड्या पाहण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. शिवाय ताकात सगळ्या कांड्याच नसतात. गोल जिवाणूंच्या माळा असतात, दुधातल्या प्रथिनांचे कण आणि स्निग्धाचे थेंबही असतात. 'कांड्या दिसतील' असे आधी सांगितले, की मुलांना कांड्याच दिसतात.

एका बाटलीची किंमत

शाळेतल्या बशीचा निष्कर्ष चुकला तर फार तर एक बक्षीस चुकीच्या हाती जाते, असे कोणी म्हणेल. म्हणून प्रयोगशाळेबाहेरचे एक उदाहरण देतो.

१९०२ मध्ये प्लेगविरुद्धची लस मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेत तयार होत असे. तिचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन होते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पंजाबातल्या मुलकोवाल गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लसीतच दोष आहे, परळला निर्जंतुकीकरण नीट होत नाही, असा ठपका आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले.

पण त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या आणि मरण पावलेले सर्वजण एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या चार बाटल्या या घटनेत तुलनेच्या बशीचे काम करत होत्या. दोष लसीत किंवा सुईत सरसकट असता, तर त्या बाटल्यांनीही घात केला असता. मग ती एक बाटली परळला बिघडली, की गावात उघडताना? बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत पुढे आली होती. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतातच. तरीही हाफकिन यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना त्यासाठी जाहीर पत्र लिहावे लागले. त्यांच्याच नावाने परळची संस्था १९२५ पासून ओळखली जाते.

लूप किंवा चिमटा ज्योतीत का धरायचा, याचे कारण आपण मुलांना 'पद्धत आहे' असे देतो. मुलकोवालची हकिकत सांगितली, तर वहीत 'कृती' या शीर्षकाखालची ती ओळ मुले विसरणार नाहीत.

मग वर्गात काय करावे?

एका वर्गात साठ मुले आणि एकच सूक्ष्मदर्शी, ही परिस्थिती मला ठाऊक आहे. अगर महाग आहे हेही खरे. म्हणून परवडतील अशा काही गोष्टी सुचवतो.

बशा कमी असतील तर प्रत्येकीच्या पाठीवर पेनाने रेघा आखून चार भाग करा. एक भाग नेहमी कोरा ठेवा, एकावर उकळून गार केलेले पाणी, उरलेल्या दोहोंवर नमुने. स्वतंत्र कोरी बशी, इतर बशांइतकाच वेळ उघडलेली, ही त्याहून चांगली. पण चौथा भाग काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

अगर नसेल तर दुधाचा प्रयोग करा. समान दुधाच्या दोन परीक्षानळ्या घ्या. एकीतले दूध ताजे, दुसरीतले नुकतेच उकळून गार केलेले. दोन्हींत मिथिलीन ब्लूचे फिके द्रावण समान प्रमाणात घाला, बुचे लावून कोमट पाण्यात ठेवा. जिवाणू दुधातला ऑक्सिजन वापरू लागले की निळा रंग उडतो. दुग्धशाळेत दुधाचा दर्जा असाच जोखतात. अर्ध्या तासाच्या आत रंग गेला तर दूध फार वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. उकळलेल्या दुधाची नळी निळीच राहिली, तरच पहिल्या नळीच्या रंगबदलाला अर्थ आहे.

लोणारच्या विषयावर काम करायचे असेल तर सरोवराचे पाणी आणलेच पाहिजे असे नाही. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते. होरिकोशींप्रमाणे शेतातली माती घ्या. साध्या माध्यमाची आणि सोडा घातलेल्या माध्यमाची बशी शेजारी शेजारी ठेवा. सोड्याचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून माध्यम ओतण्याआधी मिसळावे, एकत्र तापवले तर अगर नीट गोठत नाही. संग्रामपूर-शेगावकडच्या खारपाणपट्ट्यातली माती आणि मेहकरकडची माती यांची तुलना आपल्याच जिल्ह्यातल्या दोन शाळा करू शकतील. अर्थात प्रत्येकीने आपली कोरी बशी ठेवूनच.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. नाकातला, जखमेतला किंवा शौचालयातला नमुना कधीही वाढवू नये. बशा ३७ अंशाला नव्हे, खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात. शरीराच्या तापमानाला रोगजंतूंचे फावते. नमुना टाकल्यावर झाकण दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधावे आणि पुन्हा उघडू नये. ठिपके काचेतूनच मोजावेत. काम झाल्यावर बशा न उघडता कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली अर्धा तास ठेवून मगच धुवाव्यात. हा कुकर स्वयंपाकघरातला नसावा.

आणि परीक्षकांनीही एक करावे. गुण देण्यापूर्वी 'तुलनेचा नमुना कुठे आहे?' हा एक प्रश्न विचारावा. तो विचारला जातो असे कळले, की पुढच्या वर्षी नमुना टेबलावर येईल.

गुलाबी पाण्याची गोष्ट

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि दोन दिवसांत तर्कांचे पीक आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने गेले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांचाही पहिला अंदाज ड्युनॅलिएला या शेवाळाचा होता. तपासणीत तो टिकला नाही. पाण्यात हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची प्रचंड वाढ झालेली आढळली. त्यांचे रंगद्रव्य गुलाबी असते. यातली सर्वांत साधी पायरी मला फार आवडते. नमुना काही वेळ स्थिर ठेवला, तेव्हा गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो पेशींमध्ये होता. यासाठी कुठलेही महागडे यंत्र लागले नाही. एकाच बाटलीत गुलाबी आणि नितळ असे दोन भाग शेजारी शेजारी पाहता आले, इतकेच.

त्या नववीतल्या मुलीचा निष्कर्ष चुकला होता, पण तिला सापडलेली गोष्ट खोटी नव्हती. लोणारचे पाणी साध्या अगरवर ओतले आणि काही उगवले नाही, हे तिने खरोखर पाहिले होते. फलकावर तिने तेवढेच लिहिले असते आणि खाली 'असे का, हे अजून तपासायचे आहे' अशी एक ओळ जोडली असती, तर तो प्रकल्प पहिल्या क्रमांकाचा होता. तसे लिहायला तिला आम्ही कोणीच शिकवले नव्हते.

'रिकामी बशी ठेवून काय दाखवणार?' असे त्या शिक्षकांनी विचारले होते. गुरुजी, उशीर झाला, पण उत्तर देतो. बाकीच्या बशांवर विश्वास का ठेवायचा, ते दाखवणार.